अंगठ्याची जागा

कॅमेरा हातात धरायचा असतो, हे लोकांना पटवून देण्याचा मला पगार मिळत असे. तुम्ही म्हणाल, यात पटवायचं काय? हातात नाही तर काय पायात धरणार? आमच्या कंपनीच्या वरच्या मजल्यावर तुम्ही कधी गेला नाहीत, म्हणून तुम्हाला असं वाटतं.

वरच्या मजल्यावर रूप विभाग होता. कॅमेरा दिसेल कसा, हे ती मंडळी ठरवत. त्यांना तिन्ही बाजूंनी खिडक्या होत्या आणि भिंतीवर नुसत्या दगडगोट्यांचे फोटो लावलेले होते. आमचा पकड विभाग तळमजल्यावर, मोडक्या खुर्च्या ठेवायच्या खोलीला लागून. कॅमेरा हातात बसेल कसा, हे आम्ही बघायचं. आम्ही म्हणजे मी आणि आमचे साहेब. त्यांना सगळी कंपनी अंगठेसाहेब म्हणायची, कारण कुठलीही बैठक संपत आली की ते घसा खाकरून विचारत, "आणि अंगठा कुठे ठेवायचा?" पूर्वी या प्रश्नावर चर्चा व्हायची. हल्ली लोक कागद गोळा करायला लागत.

माझ्या कार्डावर 'मानवी घटक तज्ज्ञ' असं छापलेलं होतं. हा हुद्दा आमच्या इमारतीत कुणालाच कधी कळला नाही. समोरच्या वहिनी मला हातपाय चोळून देणारा समजत आणि मनगट लचकलं की दार वाजवत. खालच्या मजल्यावरचे कसरतीचे सर मला हात बघून भविष्य सांगणारा समजत आणि निवृत्तीनंतरचे योग विचारत. मी दोघांनाही शास्त्रीय माहिती देत असे, आणि दोघंही तोंड पाडून परत जात.

तर त्या वर्षी वरून एक कॅमेरा खाली आला. काळा, चपटा, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ, अंगावर कुठे उंचवटा नाही की खाच नाही. आम्ही त्याचं नाव 'वडी' ठेवलं, कारण तो साबणाच्या वडीसारखा दिसायचा आणि तसाच सटकायचा. आम्ही कंपनीतल्याच माणसांना बोलावून त्याची चाचणी घेतली. हिशेबनिसांच्या हातून तो पडला. टंकलेखक बाईंच्या हातून पडला नाही, पण त्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात गुलाबी ढग आला. तो ढग म्हणजे त्यांचं मधलं बोट होतं. पुढे धरायला काही नसलं की बोट सरकत सरकत भिंगासमोर येतं, बिचाऱ्याने जायचं तरी कुठे?

आम्ही ते फोटो घेऊन वर गेलो. रूप विभागाचे प्रमुख कायम काळे कपडे घालत आणि इतकं हळू बोलत की समोरच्याला वाकावंच लागे. वाकलेला माणूस वाद घालत नाही, हे त्यांच्या यशाचं गमक असावं. त्यांनी गुलाबी ढग पाहिले आणि म्हणाले, "लोकांनी बोटं आवरायला शिकलं पाहिजे."

"पण साहेब, अंगठा कुठे ठेवायचा?" अंगठेसाहेबांनी विचारलं.

"अंगठा हा तुमचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "मला एक शुद्ध रेषा हवी आहे. तिला धक्का न लावता तुम्हाला काही सुचत असेल तर दाखवा. पुढच्या सोमवारी."

जिना उतरताना अंगठेसाहेब म्हणाले, "तूच कर बाबा काहीतरी. मी काय, निवृत्तीची वाट बघतोय." मी छाती पुढे काढून हो म्हणालो. या बढाईमागे एक घरगुती कारण होतं, ते सांगितलं पाहिजे.

माझे बाबा फोटोग्राफर. चौकातल्या एका स्टुडिओत त्यांनी उभा जन्म ओळखपत्रांचे फोटो काढले. निवृत्तीनंतर घरातल्या प्रत्येक कार्याला तेच फोटो काढत, आणि मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. जुना कॅमेरा जड म्हणून पेलेना, नवे हलके कॅमेरे हातात ठरेनात. "आयुष्यभर लोकांना 'हलू नका' म्हणत आलो," ते म्हणायचे, "आता हाताला सांगतो तर तो ऐकत नाही." हे सांगून ते हसत, आणि आम्हाला हसावं की नाही ते कळत नसे. पण ताईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिचा अभ्यास पुरा झाल्यावर, म्हणजे वर्षभराने व्हायचं होतं. त्या लग्नात सगळ्या कुटुंबाचा फोटो आपणच काढायचा, हे बाबांनी मनात धरलं होतं. रोज जेवताना ते सहज विचारल्यासारखं विचारत, "काय रे, तुमच्या कंपनीत मला धरता येईल असं काही निघतंय का?"

निघत नव्हतं. पण आता सोमवारपर्यंत माझ्या हातात एक मातीचा गोळा होता.

ही माती म्हणजे कुंभाराची नव्हे. नमुने करायची खास माती असते, गरम केली की मऊ होते आणि थंड झाली की घट्ट. पद्धत अशी की वेगवेगळ्या हातांना वेगवेगळे गोळे द्यायचे, ज्याने त्याने आपल्या सवयीने धरायचं, मग ठसे शेजारी शेजारी ठेवून विचार करायचा. मी ठरवलं, आपल्या इमारतीत काय कमी हात आहेत? माती घरी न्यावी. मी फाटकाशी गेलो आणि तिथे सुरक्षा रक्षकाने मला अडवलं.

"पिशवीत काय?"

"माती."

"कंपनीची माती बाहेर न्यायला परवाना लागतो."

परवान्यासाठी मी भांडारात गेलो. भांडारप्रमुख म्हणाले, माती या सदरात परवाना देता येत नाही, कारण माती ही वस्तू आहे की कच्चा माल हे ठरलेलं नाही. मी म्हटलं, ठरवा. ते म्हणाले, ते ठरवणारी समिती बरखास्त झाली. शेवटी माझा चेहरा बघून त्यांना दया आली आणि 'वैयक्तिक वापराचा गोळा, नग एक' असा परवाना मिळाला. मी चार मागितले होते. ते म्हणाले, वैयक्तिक वापराला एका माणसाला चार गोळे कशाला लागतात? रक्षकाने गोळा काट्यावर ठेवून वजन केलं आणि म्हणाला, "परत येताना एवढंच भरलं पाहिजे."

घरी गेल्यावर माती गरम करायचा प्रश्न आला. बायकोने स्वयंपाकघरातला ओव्हन द्यायला साफ नकार दिला. मग मी तिचं केस वाळवायचं यंत्र घेतलं आणि मातीवर वारा सोडला. अर्ध्या तासात माती मऊ झाली आणि यंत्र बंद पडलं. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला दिवसभर पोटात गोळा घेऊन फिरावं लागतं, आणि इथे तर हातातही होता.

गोळा एक आणि हात अनेक. इथे मी ती चूक केली, जी आमच्या धंद्यात शिकाऊ माणूससुद्धा करत नाही. मला वाटलं, एकाच गोळ्याला सगळ्यांनी एकामागून एक धरलं तर हळूहळू सगळ्यांना चालेल असा आकार आपोआप तयार होईल. फार लोकशाहीचा विचार होता तो. मी वडीच्या मापाची लाकडी पट्टी घेतली, पुढे मागे माती थापली आणि इमारतीत निरोप धाडला.

समोरच्या वहिनी पहिल्या आल्या. त्यांनी गोळा हातात घेतला, दाबला आणि सवयीने मळायलाच लागल्या. "हे सैल झालंय तुमचं," त्या म्हणाल्या. मी कसाबसा काढून घेतला. मग कसरतीचे सर आले. त्यांनी "पकड म्हणजे पकड!" असं म्हणून अशी मूठ आवळली की माती त्यांच्या बोटांच्या फटींतून बाहेर आली आणि आतली पट्टी मोडली. नवी पट्टी शोधेपर्यंत वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर येऊन बसले. त्यांनी गोळा हातात न घेता चष्म्याच्या वरून पाहिला.

"हे काय चाललंय?"

मी लोकशाही समजावून सांगितली.

"म्हणजे सगळ्या इमारतीची मिळून एक कवळी करताय," डॉक्टर म्हणाले. "ती कुणाच्या तोंडात बसणार?"

"डॉक्टर, हात वेगळे, दात वेगळे."

"चूक तीच आहे. शेवटी ज्याने चावलं त्याचाच ठसा उरणार." आणि मला राग येऊ नये म्हणून त्यांनी वरून आणलेला गुलाबी मेणाचा तुकडा माझ्या मातीत कालवून दिला. "याने चिकटपणा येईल. फुकट आहे."

त्यांचं बोलणं खरं होतं आणि म्हणूनच मला ते झोंबलं. सगळे गेल्यावर मी गोळ्याकडे बघत बसलो. वहिनींचा ठसा सरांनी पुसला होता, सरांचा डॉक्टरांच्या मेणाने बुजला होता. आतापर्यंतची सगळी मेहनत म्हणजे एक ओबडधोबड ढेकूळ होतं. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही धरा ना एकदा."

"माझा कशाला? माझा हात आता हिशेबातून गेला."

"धरा हो. नाहीतरी वायाच गेलाय."

वाया गेलेली गोष्ट हाताळायला त्यांची हरकत नसे. त्यांनी तो अजून कोमट असलेला गोळा घेतला. हात थरथरत होता, माती थरथरत होती. मग त्यांनी काहीतरी केलं, जे मी इतकी वर्षं हात बघूनही कधी पाहिलं नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्यांनी खालून आत वळवलं आणि अडकवलं, अंगठा मागे आडवा न ठेवता तिरका वर रोवला, आणि तळव्याचा गुबगुबीत भाग मातीत दाबून धरला. हळूहळू थरथर कमी होत गेली. थांबली म्हणता येणार नाही, पण समजुतीला आली.

त्यांनी गोळा डोळ्यासमोर धरला आणि त्या लाकडी पट्टीतून, जिला ना भिंग होतं ना बटण, खोलीकडे बघत राहिले. बायको दारात येऊन उभी राहिली होती. "थोडी डावीकडे सरक, पोरी," ते तिला म्हणाले. ती सरकली. माती त्यांच्या हातातच गार झाली आणि घट्ट झाली. मी त्यांना "पुरे" म्हटलं नाही.

सोमवारी फाटकाशी रक्षकाने वजन केलं. गोळा जास्त भरला.

"माती वाढली कशी?"

"मेण पडलं त्यात."

"बाहेरचं मेण आत आणायला वेगळा परवाना लागतो."

मी हात जोडले, पाय धरायचे बाकी ठेवले. शेवटी त्याने टाचणीने कोपऱ्यातलं चिमूटभर मेण खरवडून काढलं, पुन्हा वजन केलं आणि मला आत सोडलं. बैठकीला मी घामाघूम होऊन पोचलो.

रूप विभागाच्या प्रमुखांनी तो नमुना पांढऱ्या टेबलावर ठेवायला सांगितला. ते त्याच्याभोवती फिरले. खाली बसून पाहिलं, लांब जाऊन पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. हात मात्र लावला नाही.

"सुंदर," ते इतकं हळू म्हणाले की आम्ही सगळेच वाकलो. "ही वळणं कुणी काढली?"

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो.

"ते कुठल्या संस्थेतले?"

"ते घरीच असतात."

"शुद्ध आहे," ते म्हणाले. "काहीच बदलू नका. आता हे माझ्याकडे राहू दे."

त्या दिवशी अंगठेसाहेबांनी मला बाहेर नेऊन चहा पाजला. त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच अंगठ्याला जागा मिळाली होती. घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "तुमच्या हाताचा कॅमेरा निघतोय. लग्नाच्या आधी बाजारात येईल." बाबांनी फक्त "बरं" म्हटलं, आणि मग संध्याकाळी खाली जाऊन कसरतीच्या सरांपासून समोरच्या वहिनींपर्यंत सगळ्यांना सांगून आले. डॉक्टर तर भेटेल त्याला सांगत की त्यात त्यांचं मेण आहे.

पुढचे महिने फार चांगले गेले. म्हणजे मला कुणी काहीच विचारलं नाही. मग एके दिवशी अंगठेसाहेबांचा निरोप समारंभ झाला आणि त्यांना नव्या कॅमेऱ्याची पहिली प्रत भेट देण्यात आली. त्यांनी ती हातात घेतली आणि सगळ्यांदेखत ती त्यांच्या हातून निसटून केकवर पडली. सगळे हसले. साहेबही हसले. मी पुढे होऊन केकमधून कॅमेरा काढला आणि हातात धरला.

वळणं तीच होती. बाबांची करंगळी, बाबांचा तिरका अंगठा, तळव्याची खोबण, सगळं जिथल्या तिथे. फक्त माझी बोटं कुठेच मावत नव्हती. खाचेत बोट घातलं की शेजारचं बोट कडेवर चढे, अंगठा रोवायला जावं तर तो नखावर उभा राही. वरून त्याला आरशासारखी चकाकी दिली होती.

मी तसाच वर रूप विभागाच्या प्रमुखांकडे गेलो. "साहेब, हे आकसलंय."

"आकसलेलं नाही," ते म्हणाले. "तुमचं जाड होतं, खिशात मावेना. प्रमाण तंतोतंत ठेवलंय, फक्त माप कमी केलं."

"पण मग ते हातात कसं बसणार?"

"बसल्यासारखं दिसतं की नाही?" त्यांनी मला जाहिरातीचा कागद दाखवला. त्यावर लिहिलं होतं, 'मानवी हाताला आमचं अभिवादन'. फोटोत कॅमेरा टेबलावर ठेवलेला होता.

यावर मी काय बोललो ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ते फार वाकून बोललो. पकड विभाग रूप विभागात विलीन करण्यात आला आणि मला वर खिडकीपाशी टेबल मिळालं. दुपारभर उन्हाने डोळे दिपतात. मी भांडारात जाऊन मूळ मातीचा नमुना मागितला. म्हटलं, निदान बाबांसाठी एक मूठ आपण हाताने घडवू आणि जुन्यापुराण्या कुठल्यातरी कॅमेऱ्याला चिकटवू. भांडारप्रमुख म्हणाले, ती माती वितळवून तिचा पंख्याचा नमुना केला, कारण शेवटी तो कच्चा माल आहे असं ठरलं. नवी माती मागितली तर वैयक्तिक वापरासाठी एका माणसाला आयुष्यात एकच गोळा, असा नवा नियम निघाला होता. तो बहुधा माझ्यामुळेच निघाला असावा.

घरी मी बाबांना सांगितलं, कॅमेरा फसलाय, आपल्या कामाचा नाही, मी दुसरं बघतो. बाबा म्हणाले, "वर्तमानपत्रात तर फार चांगलं लिहिलंय." जुन्या बाजारातून एक जाडजूड मुठीचा कॅमेरा मी मिळवला आणि तो दुरुस्तीला टाकला. दुरुस्तीवाला उद्या म्हणाला, मग परवा म्हणाला, आणि लग्नाचा दिवस उजाडला.

लग्नाच्या सभागृहात मी खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या खोलीतून खुर्च्या ओढत होतो. तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. मला वाटलं, कार्य सुरू झालं. जाऊन बघतो तर ताई बाबांसमोर उभी होती आणि तिच्या हातात उघडलेलं खोकं होतं. तिने दुकानातून तो कॅमेरा विकत आणला होता, बाबांना अचानक द्यायचा म्हणून. "बाबा, तुमच्या हाताचा कॅमेरा!" ती म्हणाली. इमारतीतली सगळी मंडळी भोवती जमली होती. सर म्हणाले, "घ्या काका, काढा फोटो!" डॉक्टर शेजारच्या माणसाला मेणाबद्दल सांगत होते.

मी खुर्ची टाकून धावलो, पण बाबांनी कॅमेरा घेतला होता.

त्यांनी करंगळी आत वळवली. ती मावली नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, बोटं मोकळी केली, एकेक करून बसवून पाहिलं. अंगठा घसरला. हात थरथरू लागला, आणि इतक्या लोकांसमोर थरथरतोय म्हणून आणखी थरथरू लागला. टाळ्या थांबल्या होत्या. बाबा कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. ते हाताकडे बघत होते.

"गेला रे," ते मला म्हणाले. "वर्षात एवढा बिघडला. माझाच ठसा मला बसत नाही."

"बाबा, हात तसाच आहे. त्यांनी ठसाच लहान केलाय. खिशात मावावा म्हणून."

"हाताचा ठसा लहान करतं का कुणी?"

"करतात बाबा. मी स्वतः भांडून आलोय त्यांच्याशी."

"एवढी मोठी कंपनी," बाबा म्हणाले. "त्यांना मापं कळत नाहीत होय? तू माझी समजूत घालू नकोस. मी काही लहान नाही."

मी ताईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, डॉक्टरांकडेसुद्धा पाहिलं. म्हटलं, सांगा कुणीतरी यांना. पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच समजूत घालणारी दया होती, आणि ती माझ्याही चेहऱ्यावर असणार. एवढा वेळ खुर्च्या ओढून मला दम लागला होता आणि खरं बोलणारा माणूस दम लागलेला असला की खोटाच वाटतो. मी माझा हात पुढे केला, माझी बोटंही त्यात कशी बसत नाहीत ते दाखवायला. बाबांनी तो हात थोपटला आणि बाजूला केला.

"तू काढ, पोरी," त्यांनी कॅमेरा माझ्या बायकोला दिला. "खिडकीकडे पाठ कर. उजेड तुझ्या मागून येऊ दे." मग ते चालत आमच्यात आले. ओळीत कुठे उभं राहायचं ते त्यांना कळेना, कारण आजवर ते कधी ओळीत उभे राहिलेच नव्हते. ताईने त्यांना मधे घेतलं.

फोटो चांगला आलाय. नवरानवरी हसतायत, खुर्च्या सरळ रेषेत आहेत, सगळ्यांची डोकी शाबूत आहेत. आमच्या घरातला हा पहिलाच फोटो, ज्यात बाबा आहेत. त्यांनी उजवा हात पाठीमागे धरलाय.